तू हसत सांगायचीस ती गोष्ट

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. तू गेलीस तेव्हा मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर वरंधच्या बाजूच्या वाड्यांवर नर्स म्हणून हिंडले, बाळंतपणं केली, पोरांना सुया टोचल्या आणि गुडघे कुरकुरायला लागले तशी महाडच्या सरकारी दवाखान्यातल्या एका लहान खोलीत येऊन बसले. तिथे वयात आलेल्या मुली येतात. त्यांच्याशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, हेच माझं काम. तू म्हणाली असतीस, "नुसतं बोलायचं काम हाय व्हय गो?" मलाही सुरुवातीला ते हलकंच वाटलं होतं. बाळंतपणात हात भरतात, इथे निदान हात कोरडे राहतात असं मी बरोबरीच्या बायकांना सांगायची. गेल्या वर्षी भात पिवळं पडायच्या सुमाराला एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलते आहे. भाकरी करताना, एसटीत, बाजारात कांदे निवडताना. आज कागदावर बोलते.

मुलगी अकरावीतली. गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याची एक वाडी, पोलादपूरहून वर. आईबाप मुंबईला, ही लहानपणापासून आजीजवळ वाढलेली आणि आता कॉलेजसाठी महाडात आत्याकडे राहणारी. कवायतीत चक्कर येऊन पडली म्हणून कॉलेजच्या बाईंनी पाठवली होती. रक्त तपासलं तर इतकं कमी की तपासणाऱ्याने पुन्हा सुई टोचून खात्री करून घेतली. आपल्याकडच्या मुलींचं रक्त कमीच असतं, त्यात मला नवल नव्हतं. लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, हे माझं पाठ झालेलं बोलणं मी सुरू केलं. ती मान हलवत होती. मग ती कशावर तरी हसली आणि मला तिच्या हिरड्या दिसल्या. काळ्या, थेट तुझ्यासारख्या.

"मिश्री लावतेस?"

"थोडीशी. आजीच्या डबीतली घेतली होती. आता दुकानातनं आणते."

"कधी लावतेस? सकाळी?"

"भूक लागली की," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भूक लागली की जेवायचं असतं बाय, असं म्हटलं तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आम्ही पोरं म्हाताऱ्या माणसांकडे टाकायचो. म्हणाली, "जाडी होईन ना मॅडम. त्याला नाय आवडत."

इथे मी पेन खाली ठेवलं. ती येऊन बसली तेव्हाच मी तिला सांगून ठेवलं होतं की तुझं बोलणं मी गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर ते मला वर सांगावंच लागेल, तू अठराची नाहीस. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. रताळ्याचा वेल ओढावा आणि मातीतून एकामागून एक रताळी वर यावीत, तसं मग सगळं येत गेलं. तो चोवीस-पंचवीसचा. चुलतभावाचा मित्र, जीप चालवतो. सुरुवातीला कॉलेजला सोडायचा. झोप येत नाही कारण तो केव्हाही फोन करतो आणि उचलला नाही की दुसऱ्या दिवशी बोलत नाही. उकाड्यातही लांब बाह्या घातल्या होत्या तिने. मी तिचा हात पुढे घेतला तेव्हा तिने तो घेऊ दिला, आणि बाही वर सारल्यावर मनगटापासून वर चिरल्याच्या रेघा दिसल्या. ते तिने स्वतःच केलं होतं. "डोकं शांत होतं," म्हणाली. घाटाकडे फिरायला जातात तेव्हा तो बियर देतो, "थोडीच, मॅडम". आणि खाली अंगाला खाज, आग, लघवीला जळजळ, हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत.

आये, मी इतकी वर्षं या कामात आहे. चक्कर आली तर गोळी द्यायची, मिश्री असेल तर तंबाखूवर बोलायचं, झोप नसेल तर मोबाईलवर बोलायचं, असं एकेक करून मी किती मुलींना घरी पाठवलं असेल. यातलं एकेक मी आधी पाहिलेलं होतं. सगळं एकाच पोरीच्या अंगावर आणि सगळ्याच्या मुळाशी एकच माणूस, हे मला असं समोरासमोर कधी दिसलं नव्हतं. तरी विचारायचं ते विचारलं. पहिल्यांदा जे झालं, ते तुला हवं होतं का?

ती हसली. "मी नाय म्हटलेलं. पण तो रुसतो ना मग. मी रडायला लागले तर मलाच हसायला आला नंतर, येडीवानी रडत होते." आणि पुन्हा हसली, तोंडावर हात घेऊन.

ते हसू मी ओळखलं. ते तुझं होतं.

चुलीपाशी बसून तू सांगायचीस ती गोष्ट. वाडीतल्या बायका नाचणी पाखडायला जमल्या की कोणीतरी म्हणायचं, सांग गो तुझं, गवताचं. मग तू सांगायचीस. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला लुगडं धड नेसता येत नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तू गुरांच्या वाड्यात माळ्यावर चढून गवतात लपलीस. सगळं घर शोधत होतं. शेवटी तुझ्या सासूने पायाला धरून खाली ओढलं, तुझ्या केसांत गवत, डोळ्यांत गवत, आणि तशीच तुला आतल्या खोलीत लोटून बाहेरून कडी घातली. "म्या वरडले तर म्हातारी म्हनते, मांजर हाय, मांजर." बायका पोट धरून हसायच्या. तूही तोंडावर हात घेऊन हसायचीस. मी पण हसायची, आये. ती आमच्या घरातली सगळ्यात गमतीची गोष्ट होती. मी ती शाळेत मैत्रिणींना सांगितलेली आहे.

तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस. हे मला माहीत नव्हतं का? होतं. आई पंधराव्या वर्षी आली, सतराव्या वर्षी पहिलं गेलं, मग दुसरं गेलं, मग दादा, मग मी. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पण त्या खुर्चीत ती मुलगी हसली आणि पंधरा म्हणजे केवढी, ते मला दिसलं. पंधरा म्हणजे एवढेसे खांदे. पंधरा म्हणजे बोलताना ओढणीचं टोक चावायचं. मी उठून खिडकीशी गेले आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षांकडे बघत राहिले. मुलगी मागून विचारत होती, "काय झाला मॅडम, मी काय चुकीचा बोलले का?"

तिला आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नव्हते, आतमध्ये जंतूंची लागण होती, तिला औषध चालू केलं. आजीला गावाहून बोलावून घेतलं. आत्याही आली. बाईंनी दोघींना समोर बसवून सावकाश समजावलं. इतक्या लहान वयात हे सुरू झालं, त्यात अंगात रक्त नाही, वरून तंबाखू, तर ही लागण लवकर धरते. एक विषाणू असतो तो संबंधातून येतो, बहुतेकींचं अंग तो आपोआप घालवतं, पण सगळ्यांचं घालवत नाही. मग पुढे पंधरा-वीस वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होऊ शकतो. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणं, मिश्री, या सगळ्याने तो धोका वाढतो. म्हणून आता तरी सांभाळा.

हे मी स्वतः वाड्यावाड्यांत चित्रं दाखवून सांगितलेलं आहे. परीक्षेला लिहिलेलं आहे. पण त्या दिवशी बाई बोलत होत्या आणि मी तिथे उभी राहून ते पहिल्यांदा ऐकत होते. कारण बाई ज्या बाईविषयी बोलत होत्या ती तू होतीस. लवकर लग्न, मिश्री, दोन मेलेली आणि दोन जगलेली. पुढे ओढ्यावर पहाटे एकटीच जाऊन धुवायचीस ते कपडे. "अंगावरनं जातंय जरा, बायकांचं असतंच," असं म्हणून दाबून ठेवलेली दोन वर्षं. मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात दिलेला किरणांचा शेक आणि तिथल्या लाकडी बाकावर बसून बाबांनी मला विचारलेलं, "कोणाची नजर लागली असंल?" मी तेव्हा नवीन नर्स, मीही त्यांना काही सांगू शकले नव्हते. तुझं मरण मी इतकी वर्षं नशिबाच्या खात्यात टाकलं होतं. ते त्या माळ्यावरून, त्या कडी घातलेल्या खोलीतूनच निघालं असेल का? कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण आये, तसं असू शकतं. मी बाईंच्या टेबलाला धरून उभी होते.

तेवढ्यात ती आजी बोलली. तुझ्याच वयाची असेल, तू असतीस तर. नऊवारी, हातात पिशवी, हिरड्या काळ्या. म्हणाली, "मग लगीन लावून टाकू त्याच्यासंगं. पोरगा आपल्यातलाच हाय. लगीन झाला की कसला रोग नि कसला काय. आमी नाय नांदलो? या वयात माज्या पदरात पोर व्हता."

आत्या म्हणाली, "तसंच करू या मॅडम. पोलिसात नको. पोरीचा बोभाटा होईल."

बाई कायद्याचं सांगायला लागल्या, की लग्न होऊ शकत नाही, पोलिसांना कळवणं आम्हाला भागच आहे. आजीने मान फिरवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती खरंच तिच्या मते पोरीचं भलं करत होती. मी न ठरवता तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "आजी, माझी आई पंधराव्या वर्षी नांदायला आली. गवतात लपली होती." आणि मी तुझी गोष्ट सांगितली, आये. तुला न विचारता. पहिल्यांदाच ती न हसता सांगितली. मांजर हाय म्हणाली इथपर्यंत आले तेव्हा आजीच्या तोंडून हसू निघालं, सवयीचं, आणि मग ते अर्ध्यावर थांबलं. मी पुढचं सांगितलं, ओढ्यावरचं, मुंबईचं. लग्न झालं होतं ना तिचं, मी म्हणाले, गळ्यात डोरलं होतं, आजाराने ते पाहिलं नाही.

आजी बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत बसली. मग हळूच म्हणाली, "आमाला पन कोनी इचारला नव्हता गो." आत्या रडायला लागली. मागे बसलेली मुलगी एकटी ओरडली, माझ्यावर. "तुमी सांगनार नाय म्हनालात. तुमी फसवलात." मी तसं म्हणाले नव्हते, पण तिला तसं ऐकू आलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. तुझा तो एक 'नाय' आठवत बसले. दहावी झाले त्या वर्षीचा. गणपतीला बाबा मुंबईहून आले ते माझ्यासाठी स्थळ घेऊनच. मुलगा गोदीत कामाला, स्वतःची खोली. तू भाकऱ्या थापत होतीस, मी पाण्याची कळशी घेऊन दारातच उभी होते. बाबा उंबऱ्यावर बसून म्हणाले, "मार्गशीर्षात उरकून टाकू." आणि तू, जिने बाबांसमोर कधी मान वर केली नव्हती, ती म्हणालीस, "नाय."

"काय नाय?"

"पोर नाय द्यायची. अजून नाय."

"का? त्यात वाईट काय हाय?"

"सांगता नाय येत. पर नाय."

तव्यावर भाकरी करपत होती. तू ती उलटली नाहीस. बाबा ओरडले, शेजारचे ओट्यावर येऊन उभे राहिले, तू तशीच पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून बसलीस. शेवटी एवढंच म्हणालीस, "माज्यावानी नको." बाबांना त्याचा अर्थ कळला की नाही देव जाणे. ते गप्प झाले आणि पुढे ते स्थळ घरात कोणी काढलं नाही. मला तेव्हा वाटलं, आईला मी शिकायला हवी आहे. मी नोकरीच्या मुलाखतीतही तसंच सांगितलं, माझ्या आईला शिक्षणाचं फार. तुला शिक्षणाचं काय होतं, तुला बाराखडी येत नव्हती. तुला ती आतली खोली माहीत होती. आणि महाडच्या एसटी स्टँडवर मी वर्गातल्या मुलाशी बोलताना दिसले म्हणून सगळ्यांदेखत तू मला मारलंस, मग गाडीत गावापर्यंत माझं मनगट सोडलं नाहीस, त्याचा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. तू मला धाकात ठेवतेस असं मला वाटायचं. भीती तुझीच होती. तुझ्याकडे शब्दच नव्हते, आये. एक मारणं होतं, एक हसणं होतं आणि एक 'नाय' होता. मला सरकारने सगळे शब्द दिले, चित्रांसकट, आणि तरी माझ्या पोटच्या पोरीशी बोलायला मला तिच्या विशीपर्यंत वाट पाहावी लागली.

पुढचं सांगते. तक्रार झाली. तो पुण्याकडे पळाला होता, सापडला. त्याच्या घरच्यांनी वाडीत येऊन बरंच बोलून घेतलं, पोरीलाच नावं ठेवली. मुलीचा बाप मुंबईहून आला. दवाखान्याच्या बाहेर कडुलिंबाखाली उभा राहिला, आत येईना. मी गेले तर हात जोडले आणि विचारलं, "जेवते का ती?" दुसरं काहीच विचारलं नाही. मी म्हणाले, जेवायला लागली आहे थोडं. खरं तर तेव्हा ती जेवत नव्हती. कॉलेज सुटलं, आजीने तिला वाडीवर नेलं. अलिबागच्या मनाच्या डॉक्टरांकडे तिला न्यायचं तर तीन महिने नुसती मनधरणी. माझ्याशी बोलत नव्हती. मी वाडीवर गेले की ती शेळ्या घेऊन वर निघून जायची. आजी मला चहा करून द्यायची आणि आम्ही दोघी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत बसायचो. हातावर नवीन रेघा झाल्या नाहीत, एवढं आजी बघून ठेवायची आणि मला खुणेने सांगायची.

या जूनमध्ये तिने पुन्हा नाव घातलं, पोलादपूरला. परवा दोघी दवाखान्यात आल्या. रक्त वाढलं आहे. बाई म्हणाल्या, त्या विषाणूवरची लस अजूनही उपयोगी पडेल, घेऊन टाकू. तिने दंड पुढे केला. आखूड बाही होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तुमी वाडीवर येताना एवढा चढ चढू नका, गुडघा सुजलाय तुमचा." तेवढंच बोलली. मिश्री सुटलेली नाही अजून, कमी आहे. रात्री मधूनच उठून बसते, असं आजी सांगते. सगळं चांगलं झालं असं मी तुला लिहिणार नाही.

मग आजी म्हणाली, "माजी पन तपास गो ती पिशवीची. मनाला लागून राहिलाय, तू तुज्या आयचा सांगितल्यापासनं." तिला मी आत नेलं. टेबलावर चढताना ती लाजेने अर्धी झाली, पदर तोंडावर घेतला, पण चढली. काही निघालं नाही, सगळं ठीक होतं. खाली उतरून लुगडं सारखं करता करता तिने मला विचारलं, "तू केलीस ना गो तुजी? तुज्या तर आयलाच व्हता."

मी हो म्हणाले, आये. तिला, आणि त्याआधी बऱ्याच जणींना. तुझा आजार तसा रक्तातून उतरत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी त्या टेबलापर्यंत जाते आणि दुसरं काहीतरी काम काढून मागे फिरते. हे पत्र पोचणार नाही म्हणून तुला खरं सांगते. मी अजून केलेली नाही.